दृष्टीआड न होणारे दृश्य : गिरणगावचा पडदा आणि प्रेक्षकाची अस्वस्थता

प्रास्ताविक

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रपटगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात या दिवसाची नोंद अगत्याने होते. परंतु त्या पहिल्याच चित्रपटाचा शेवट किती भीषण प्रसंगावर बेतलेला आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. सर्वस्व गमावलेला राजा स्वतःच्या पत्नीचा शिरच्छेद करण्यासाठी शस्त्र उगारतो, हा तो प्रसंग. तारामतीची भूमिका ग्रँट रोड परिसरातील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केली होती, हा तपशील आज गमतीने सांगितला जातो. त्या काळच्या प्रेक्षकासमोर मात्र पतीच्या हातून मरणारी स्त्री होती आणि पडद्यावरच्या माणसाला थांबवता येत नाही, या अनुभवाची ती सुरुवात होती. नाटकात नटाला हाक मारता येते, प्रसंगी प्रयोग थांबवता येतो. चित्रपटात प्रेक्षक केवळ साक्षीदार उरतो.

फाळके यांच्या चित्रपटात शंकर प्रकट होतात आणि शस्त्र खाली येते. प्रेक्षकाला हा शेवट कथाकीर्तनातून आधीच ठाऊक होता. त्यामुळे त्याची अस्वस्थता उसनी होती, ती फिटणार याची खात्री त्याच्याजवळ होती. पुढच्या शतकभरात याच शहराच्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातून निघालेल्या आणि याच पट्ट्यातील चित्रपटगृहांत पाहिल्या गेलेल्या चित्रपटांत हा देव हळूहळू दिसेनासा झाला. उगारलेले शस्त्र खाली येऊ लागले. अशा वेळी प्रेक्षकाचे काय होते आणि काही दृश्ये वर्षानुवर्षे का विसरली जात नाहीत, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात काही निवडक चित्रपटांच्या आधारे केला आहे.

दाखवणे आणि न दाखवणे

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकाच्या द्वारे सूचित कराव्यात, असा संकेत आहे. ग्रीक शोकांतिकेतही हत्या बहुधा रंगमंचाबाहेर घडते आणि दूत येऊन ती सांगतो. या संकेतांकडे केवळ सभ्यतेचे बंधन म्हणून पाहणे अपुरे ठरेल. प्रत्यक्ष मरण दिसले की प्रेक्षकाचे लक्ष ते कसे घडवून आणले याकडे वळते आणि रसाची हानी होते, हे व्यावहारिक ज्ञान त्यांच्यामागे असावे. भयानक आणि बीभत्स या रसांना आठ रसांत स्थान देणाऱ्या शास्त्रानेच हा निर्बंध घालावा, यात विसंगती नाही.

चित्रपटाने हा निर्बंध मानला नाही. लुई ब्युन्युएल आणि साल्वादोर दाली यांच्या १९२९ च्या लघुपटात वस्तऱ्याने डोळा चिरला जातो. तो चित्रपट पाहिलेला मनुष्य त्यातील बाकी काहीही विसरेल, तेवढे दृश्य विसरणार नाही. उलट आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको' (१९६०) मधील स्नानगृहातील हत्या सुमारे ४५ सेकंदांची आहे आणि तिच्यात सुरा शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. तरीही सुरा शिरताना पाहिला, असे प्रेक्षक सांगतो. म्हणजे जे दाखवले गेले नाही ते प्रेक्षकाने स्वतः पुरवले, आणि स्वतः पुरवलेले असल्यामुळे ते त्याच्याजवळच राहिले. दाखवणे अधिक परिणामकारक की सूचित करणे, हा वाद त्यामुळे सर्वसाधारण पातळीवर सुटणारा नाही. दृश्य कोणाविषयी आहे, ते कोण पाहते आहे आणि पाहून झाल्यावर त्या प्रेक्षकाला परत जायला कोठे जागा आहे, यावर त्याचा निर्णय होतो. गिरणगावच्या संदर्भात हा तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. तेथील प्रेक्षकाला चित्रपटगृहातून बाहेर पडून पुष्कळदा चित्रपटातल्याच गल्लीत जावे लागत असे.

खोलीतून रस्त्यावर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले आणि ज्या घरांत पगाराचा दिवस हा आठवड्यांच्या हिशेबाचा कणा होता, त्या घरांतील तरुण मुले नाक्यावर उभी राहू लागली. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. सामंत यांची हत्या झाली. त्याच वर्षी जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक मंगेश कदम यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले.

'अधांतर'मधील सारा व्यवहार चाळीतल्या एका खोलीत घडतो. आई, तिची मुले बाबा, मोहन, नरू आणि मुलगी मंजू यांच्या बोलण्यातून बाहेरचा संप, टोळ्या, पैशाची चणचण आणि भीती आत येत राहते. नाटकाला प्रवेशकाची गरज नाही, कारण खोलीचे दार हाच त्याचा प्रवेशक आहे. दारातून कोण येईल आणि कोणती बातमी घेऊन येईल, या धास्तीवर अख्खे नाटक तोललेले आहे. ज्योती सुभाष यांनी उभी केलेली आई प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती तिच्यावर कोसळणाऱ्या घटनांपेक्षा त्या घटनांची वाट पाहण्याच्या तिच्या रीतीमुळे.

या नाटकावर आधारलेला महेश मांजरेकर दिग्दर्शित 'लालबाग परळ' २०१० मध्ये मराठीत आणि 'सिटी ऑफ गोल्ड' या नावाने हिंदीत प्रदर्शित झाला. नाटकाची भिंत पाडून तो रस्त्यावर उतरतो. गिरणीमालक, युनियन, टोळीप्रमुख, वाणी, शेजारी अशी पात्रांची गर्दी त्यात आहे आणि जे नाटकात कानावर येत होते ते पडद्यावर घडते. हा विस्तार मुळातच चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही; चित्रपटाला रस्ता हवाच असतो, आणि संपाचे अर्थकारण सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचवणारे चित्रपट मराठीत मोजकेच आहेत. परंतु रक्तपाताची दृश्ये एकामागून एक येऊ लागली की त्यांतील प्रत्येकाचे वजन कमी होत जाते. प्रेक्षक दचकतो, सावरतो आणि पुढच्या दचक्याची तयारी करतो. ही तयारी म्हणजेच सवय. 'अधांतर'च्या प्रेक्षकाला अशी सवय लावून घेण्याची संधी मिळत नव्हती.

अंजली मॉन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या 'साचा' (२००१) या माहितीपटाची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या सोबतीने तो गिरणगाव पाहतो. त्यात कोणी कोणाला मारत नाही. थांबलेले काम आणि त्याबद्दल बोलणारी माणसे एवढीच त्याची सामग्री आहे. तरी जो नाश 'लालबाग परळ' आवाज चढवून सांगतो, तो येथे हळू आवाजात अधिक स्पष्ट ऐकू येतो.

आईच्या हातातील पिस्तूल

मांजरेकर यांचेच 'वास्तव' (१९९९) मात्र वेगळ्या विचारास पात्र आहे. या चित्रपटाच्या शेवटाइतके मध्य मुंबईच्या सामूहिक स्मरणात रुतलेले दृश्य क्वचितच असेल. चाळीत वाढलेला रघुनाथ नामदेव शिवलकर मित्रांबरोबर पावभाजीची गाडी लावतो, गाडीवरच्या भांडणात त्याच्या हातून खून होतो आणि मग परतीची वाट उरत नाही. टोळी, सुपारी, राजकारण्याचा आश्रय, पोलिसांची चकमक या पायऱ्या हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला नव्या नव्हत्या. नवे होते ते घर. शिवाजी साटम यांचे निवृत्तीला टेकलेले वडील, रीमा लागू यांची आई, भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. 'अधांतर'मधील संजय नार्वेकर येथे देढ फुट्या झाले आहेत, हाही केवळ योगायोग मानता येत नाही; मराठी रंगभूमीवर तयार झालेली गिरणगावची भाषा आणि देहबोली त्यांच्याबरोबर हिंदी पडद्यावर आली.

सोन्याच्या साखळ्या घालून रघू आईसमोर उभा राहतो, ते दृश्य नकलाकारांनी इतके वापरले की त्याचा मूळ अर्थ झाकला गेला आहे. तेथे मुलगा आपली किंमत आईला तोळ्यांत सांगतो आहे. ज्या घरात दागिना गहाण ठेवून महिना काढला जातो, त्या घरात ही भाषा सर्वांना कळते. आईच्या चेहऱ्यावरचे न हसणे प्रेक्षकाने त्या वेळी नीट पाहिले, तर शेवटची तयारी तेथेच झालेली दिसते.

शेवटी व्यसनाने आणि भीतीने पोखरलेला रघू आईजवळ येतो. प्रत्येक आवाजाला दचकणारा हा मनुष्य आता कोणालाही धमकावू शकत नाही. त्याला सुटका हवी आहे, आणि मुलाच्याच पिस्तुलाने आई त्याला ती देते. येथे १९५७ च्या 'मदर इंडिया'चे स्मरण अपरिहार्य आहे. तेथेही आई मुलाला गोळी घालते. तेथे ती भूमिका नर्गिस यांची होती आणि येथे गोळी झेलणारा नट त्यांचा मुलगा आहे. परंतु या साम्यापुढे विचार जात नसेल, तर तो चटकदार योगायोगापाशीच थांबतो. 'मदर इंडिया'तील राधा बिरजूला मारते, कारण तो गावातल्या मुलीला पळवून नेतो आहे. मुलापेक्षा गावाची अब्रू मोठी, हा तिचा न्याय आहे. त्या चित्रपटाची चौकट कालव्याच्या उद्घाटनाची आहे. आईने दिलेल्या बळीवर नवे राष्ट्र पाणी पिणार आहे, अशी ती योजना होती. 'वास्तव'ची चौकट समुद्रकिनाऱ्यावरील श्राद्धाची आहे. येथे गाव नाही, कालवा नाही, आईच्या कृतीने कोणाचेही भले होत नाही. ती न्याय करत नाही. तिला बघवत नाही, एवढेच. बेचाळीस वर्षांच्या अंतराने याच कृतीचे राष्ट्रीय मूल्य पूर्णपणे गळून पडले आहे आणि तिच्याजागी चाळीतल्या एका बाईची दया उरली आहे.

हे दृश्य विसरता न येण्याचे कारण या दयेत आहे. प्रेक्षकाला आईचा राग येत नाही. तिने दुसरे काय करायला हवे होते, हेही सुचत नाही. तलवार थांबवणारा देव आला नाही आणि तो यावा असे क्षणभर वाटलेही नाही, ही जाणीव घरी नेण्यासारखी नसते. रीमा लागू वयाने संजय दत्त यांच्यापेक्षा जेमतेम एका वर्षाने मोठ्या होत्या, हे कळल्यावरही दृश्याचा परिणाम उणावत नाही, यातच त्यांच्या अभिनयाचे मोल आहे. चित्रपटावर आक्षेप घ्यायचा तर तो निराळा आहे. गिरणी कशी बंद पडली, हा प्रश्न 'वास्तव' जवळजवळ विचारतच नाही. रघूचा विनाश त्याच्या हातून झालेल्या एका खुनापासून सुरू होतो, बेकारीपासून नव्हे. त्यामुळे शेवटचे दृश्य कितीही खरे असले तरी त्याच्या आधीची साखळी प्रेक्षकाला दैवाची वाटू शकते.

पडद्याबाहेरची हिंसा

या पट्ट्यातील प्रेक्षकाबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत दादरचे प्लाझा हे चित्रपटगृहही लक्ष्य झाले आणि तेथे माणसे मेली. त्या दिवशी शहरात एकूण २५७ जणांनी प्राण गमावले. अनुराग कश्यप यांचा 'ब्लॅक फ्रायडे' २००४ मध्ये तयार होऊनही न्यायालयीन स्थगितीमुळे फेब्रुवारी २००७ पर्यंत प्रदर्शित होऊ शकला नाही. दादरच्या रहिवाशाच्या दृष्टीने या चित्रपटातील धूर आणि किंकाळ्या ही कल्पनेची निर्मिती नव्हती. जेथे चित्रपट पाहण्याची जागाच हिंसेची जागा झाली होती, तेथे पडदा आणि खुर्ची यांतील सुरक्षित अंतराचा सिद्धांत जपूनच मांडावा लागतो. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) विषयीही हेच म्हणता येईल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेला गोळीबार आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेली आत्महत्या यांपासून तो सुरू होतो. 'बॉम्बे हमारा शहर'मध्ये गाणारा चेहरा येथे अनुपस्थितीच्या रूपाने प्रेक्षकासमोर येतो.

उलट बाजूने, पडद्यावरची हिंसा पडद्याबाहेरच्या वादात कशी हरवते, याचे उदाहरण म्हणून १४ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झालेल्या 'नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा' या चित्रपटाकडे पाहता येते. जयंत पवार यांच्या कथेवर आधारलेला हा मांजरेकर यांचाच चित्रपट. पवार यांचे निधन ऑगस्ट २०२१ मध्ये झाल्यामुळे तो पाहण्यास ते हयात नव्हते. गिरणगावच्या ऱ्हासात वाढलेली, गुन्ह्याकडे ओढली जाणारी किशोरवयीन मुले हा त्याचा विषय. प्रदर्शनापूर्वी झलकेतील अल्पवयीन पात्रांच्या दृश्यांवर आक्षेप घेतले गेले, राष्ट्रीय महिला आयोगाने केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहिले आणि फेब्रुवारीत माहीम पोलीस ठाण्यात बालकांचे लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या कायद्यान्वये गुन्हा नोंदवला गेला. चित्रपटाला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र होते; झलक मात्र कोणाच्याही भ्रमणध्वनीवर पोहोचत होती. हा फरक क्षुल्लक नाही. प्रमाणपत्राची व्यवस्था चित्रपटगृहाचे दार गृहीत धरते, झलकेला दार नसते.

येथे दोन प्रश्नांची गल्लत झाली, असे दिसते. बालकलाकाराकडून काय करून घ्यावे, हा बालकाच्या हक्काचा प्रश्न आहे आणि त्यात कलेच्या स्वातंत्र्याची सबब चालणार नाही. गिरणगावातील मुलांच्या वाट्याला प्रत्यक्षात काय आले ते सांगावे की नाही, हा दुसरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर होकारार्थीच असले पाहिजे. पहिल्या प्रश्नाच्या गदारोळात दुसरा ऐकू आला नाही. याचा काही दोष दिग्दर्शकाकडे जातो. प्रेक्षक खेचण्यासाठी जी दृश्ये पुढे केली गेली, त्यांनीच विषयाला पाठीमागे ढकलले. पवार यांच्या कथालेखनातील थंड, तिरकस निवेदन हे त्यांच्या हिंसाचित्रणाचे खरे बळ होते. निवेदक भीषण गोष्ट सांगताना आवाज वाढवत नाही, म्हणून वाचक हादरतो. हे निवेदन गाळून केवळ घटना उचलल्या की उरतो तो धक्का.

नि:शब्द पावले

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) चा शेवट गिरणगावचा नाही. तो हैदराबादच्या एका घरात घडतो. परंतु अलीकडच्या काळात मराठी प्रेक्षकाला इतके सुन्न करणारे दुसरे दृश्य नाही आणि त्याचा उल्लेख टाळून या विषयावर लिहिणे अवघड आहे. माहेरची माणसे भेटी घेऊन येतात, आर्ची चहा करते, मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेले असते. हत्या दिसत नाही. परतलेले मूल पाहते, आवाज नाहीसा होतो आणि रक्ताची छोटी पावले उमटत जातात. भरतमुनींचा संकेत पाळला गेला आहे, असे गमतीने म्हणता येईल. पण दूताचे काम येथे ज्याला अजून धड बोलताही येत नाही अशा जिवाकडे दिले आहे. २०१८ च्या 'धडक' या हिंदी रूपांतरात पती आणि मूल मारले जातात, नायिका जिवंत राहते. त्यामुळे शोक करणारे कोणीतरी पडद्यावरच उपलब्ध होते आणि प्रेक्षकाचे ओझे हलके होते. 'सैराट' ही सोय ठेवत नाही. 'फँड्री'च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो, तोही याच वृत्तीचा.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील बाई

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये रक्ताचा एकही थेंब नाही. व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा चित्रपट या लेखातील सर्वांत अस्वस्थ करणारी दृश्ये बाळगून आहे, असे विधान त्यामुळे प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटेल.

नारायण कांबळे हे वृद्ध लोकशाहीर. शिकवण्या घेतात, बसने कार्यक्रमाला जातात, गातात आणि अटक होतात. गटारसफाई करणाऱ्या वासुदेव पवार या कामगाराने त्यांचे गाणे ऐकून आत्महत्या केली, असा आरोप आहे. ही भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते आणि गाण्यांमागे संभाजी भगत होते. त्यामुळे शाहिरीचा सूर पोशाखी झालेला नाही.

मृत कामगाराची विधवा साक्षीसाठी येते. अव्यावसायिक स्त्रीने केलेली ही भूमिका आहे आणि कॅमेरा तिच्याजवळ जाण्याची घाई करत नाही. प्रश्न विचारले जातात, ती तुटक उत्तरे देते. नवरा दारू पिऊन कामाला जायचा, कारण वास सहन होत नसे. संरक्षणाची साधने नव्हती. एक डोळा गेलेला होता. मॅनहोलमध्ये उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकी. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे, नाही आली तर विषारी वायू. हे ती ज्या स्वरात सांगते, त्याच स्वरात तिने घरभाडे सांगितले असते. मग न्यायाधीश टंकलेखकाला इंग्रजीतून मजकूर सांगतात आणि तिच्या आयुष्याचे दोन-तीन वाक्यांत नोंदीत रूपांतर होते. ती ऐकत उभी असते. आपल्याबद्दल काय लिहिले गेले, ते तिला समजले की नाही, हे चित्रपट सांगत नाही.

भीषणता आहे ती या अनुवादात. कोणीही दुष्ट नाही. सरकारी वकील नूतन, जी भूमिका गीतांजली कुलकर्णी यांनी केली आहे, कामावरून लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, सुट्टीत कुटुंबासह मराठी नाटकाला जाते आणि परप्रांतीयांवरच्या विनोदांना हसते. मध्य मुंबईतील कोणत्याही महाविद्यालयाच्या प्राध्यापक कक्षात तिच्यासारखी स्त्री सापडेल, आणि हेच सुशिक्षित मराठी प्रेक्षकाला टोचते. रघूच्या विनाशाकडे तो दुरून पाहू शकतो. नूतनच्या डब्यातील भाजी त्याच्याच घरची असते. बचावाचे वकील विनय व्होरा त्या विधवेला गाडीतून सोडतात, पैसे देऊ करतात. ती पैसे घेत नाही, काम मिळेल का ते विचारते. व्होरा यांच्याजवळ उत्तर नसते.

चित्रपटाबाहेरचा इतिहासही या दृश्याला लगडून आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाखांवर नेली. रक्कम वाढवण्याची वेळ यावी, याचा अर्थ माणसे उतरत राहिली असाच होतो. 'वास्तव' किंवा 'लालबाग परळ' पाहताना तो काळ मागे पडला, असे स्वतःला सांगता येते. 'कोर्ट'च्या बाबतीत ही पळवाट बंद आहे.

चित्रपटाच्या अखेरीस न्यायालयाला सुट्टी लागते. माणसे निघून जातात, एकेक दिवा मालवला जातो आणि रिकामे दालन अंधारात बुडते. कॅमेरा हलत नाही. बराच वेळ पडदा काळा राहतो. चित्रपट येथे संपला असता तर तो गंभीर, शोभिवंत शेवट ठरला असता आणि प्रेक्षक न्यायव्यवस्थेबद्दल एक उदात्त खेद घेऊन उठला असता. ताम्हाणे त्याला उठू देत नाहीत. अंधारानंतर दिवस उजाडतो. न्यायमूर्ती सदावर्ते नातलगांबरोबर सहलीला गेले आहेत, अंताक्षरी आणि जेवण चालू आहे, अंगठीतल्या खड्याविषयी सल्ला दिला जातो आहे. बाहेर बाकावर त्यांना डुलकी लागते. मुले जवळ येऊन ओरडतात, ते दचकून जागे होतात आणि हाताशी सापडलेल्या मुलाच्या थोबाडीत मारतात. मूल रडत जाते.

ही थप्पड पाहताना चित्रपटगृहात काही जण हसतात, आणि ते हसणे अनाकलनीय नाही. घरोघरी दुपारची झोप मोडणाऱ्या मुलाला असाच प्रसाद मिळत आला आहे. हातात बिनबाह्यांचे कपडे घातलेल्या स्त्रीचा खटला पुढे ढकलण्याचा अधिकार असलेला, शाहिराला पुन्हा कोठडीत पाठवू शकणारा तोच हात येथे आहे, हे हसून झाल्यावर लक्षात येते. मार लागलेल्या मुलाकडे कोणी दाद मागायला जात नाही. न्यायमूर्ती बाकावर पुन्हा नीट बसतात आणि डोळे मिटतात.